सात नंबरची वाटी

सात नंबरच्या खोलीत पपनस जाता कामा नये, हे सांडशीला तीन वेळा सांगून झालं होतं. तिन्ही वेळा तिने सांगणाऱ्याकडे असं काही पाहिलं, की चौथ्यांदा सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"एकदा सांगितलं की कळतं मला," ती सिस्टरला म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे."

"कानाचा प्रश्न नाही, ताई. गोळीचा आहे." सिस्टर वयाने लहान, पण औषधाचं बोलायला लागली की शाळेतल्या बाईंसारखं बोट वर करायची. "त्या आजोबांचं काळीज उधळल्या घोड्यासारखं पळत होतं. ही नवी गोळी त्याला लगाम घालते. पण पपनस पोटात गेलं ना, की गोळी जिरत नाही, अंगात साठत जाते. आज थोडी, उद्या थोडी. लगाम आवळत जातो, आवळत जातो, आणि एक दिवस घोडाच खाली बसतो."

"संत्रं चालतं?"

"संत्रं चालतं, मोसंबी चालते. फक्त पपनस नको. एक फोडसुद्धा नको."

"नाही जाणार," सांडशी म्हणाली. आणि ती नाही म्हणाली म्हणजे नाही.

सांडशी हे नाव तिला पडलं होतं ते याच गुणामुळे. एकदा धरलं की सोडायचं नाही, मग ते उकळतं पातेलं असो नाहीतर भांडण. नाव ठेवणारा माणूस म्हणजे तोच, सात नंबरच्या खोलीतला म्हातारा. त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. एका मोठ्या हॉटेलात तो मुख्य स्वयंपाकी होता तेव्हा ही पंधराव्या वर्षी शाळा सोडून तिथे भांडी घासायला आली. पहिल्याच आठवड्यात तिने एका वाढप्याला झारा फेकून मारला. वस्तादाने झारा उचलला, धुतला आणि तिच्या हातात सुरी दिली. म्हणाला, "हात चालतोच आहे, तर कामाचा चालू दे." बारा वर्षं तिने त्याच्या शिव्या खाल्ल्या. आईबापाचं अन्न अंगी लागलं नव्हतं, त्या शिव्या मात्र लागल्या.

पुढे वस्तादाचे गुडघे गेले, मग बायको गेली, मग काळजाने घोळ घातला. मूलबाळ नाही. सांडशी तोवर या नर्सिंग होममध्ये स्वयंपाकाला लागली होती. तिने इथल्या मॅनेजरच्या मागे इतकी भुणभुण लावली, की त्याने कंटाळून एक खोली वस्तादाला दिली. तीस खाटांचं घर, सगळी म्हातारी माणसं, आणि खाली स्वयंपाकघरात ती स्वतः. "माझ्या हातचं खाऊन महिन्याभरात जिने चढतील," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. तोंडाला कुलूप म्हणून नव्हतंच तिच्या.

स्वयंपाकघर अर्धं जमिनीखाली होतं. ओट्यासमोरच्या खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसायचे. थंडी वाढली तसे ते पाय भरभर जायला लागले. नळाचं पाणी हाताला चावायचं. वरून ताटं जशीच्या तशी परत यायची, कारण म्हातारी माणसं थंडीत जेवत नाहीत, ताटाशी खेळतात. भाताचा डोंगर इकडचा तिकडे करतात आणि झालं म्हणतात.

मग सोमवारी फळांच्या पेट्या आल्या. गार, जड, सालीवर दव धरलेली संत्री, मोसंबी आणि मुलाच्या डोक्याएवढी पपनसं. सांडशीने एक संत्रं सोललं, नाकाला लावलं आणि ठरवून टाकलं. रोज दुपारच्या जेवणाआधी प्रत्येकाला एक वाटी सॅलड.

हे सॅलड म्हणजे फळं चिरून ढीग करायचा असला प्रकार नव्हता. वस्तादाची पद्धत होती ती. फळाचं वरचं आणि खालचं बूड उडवायचं, ते चिरायच्या पाटावर उभं करायचं, आणि सुरीने साल पांढऱ्या आवरणासकट खाली उतरवायची. मग फळ डाव्या हातात धरून प्रत्येक पाकळीच्या पडद्याला लागून सुरी घालायची, अशी की नुसता गर निघून यावा. कागदासारखा कांदा, पुदिना, लेट्यूसची कोवळी पानं, वर चार अक्रोड. आणि हातात जो पडद्यांचा चोथा उरतो, तो बरणीवर धरून मुठीने पिळायचा. शेवटच्या थेंबापर्यंत. त्या रसात तेल, मध, मीठ, मिरपूड घालून बरणी खळखळ हलवायची आणि सगळ्या वाट्यांवर ओतायची.

"ओला चोथा टाकतो तो स्वयंपाकी नव्हे," वस्ताद म्हणायचा. "फळाने जीव दिलाय. निदान नीट घे तरी."

सांडशीने बारा वर्षांत एकदाही ओला चोथा टाकला नव्हता.

सात नंबरची वाटी तिने वेगळी केली. भांडी घासणाऱ्या मावशीला तिने बजावलं, "हा पाट वस्तादांचा. ही सुरी वस्तादांची. ही निळी वाटी वस्तादांची. याला पपनसाचा हात लागला तर तुझा हात जागेवर राहणार नाही."

"बाई गं," मावशी म्हणाली, "सोवळ्यात बसलाय म्हणा की म्हातारा."

"बसू दे. तुला काय करायचंय?"

मग ती साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, त्या गार पाण्यात, बोटं लाल होईस्तोवर. वस्तादासाठी दोन संत्री, एक मोसंबी. त्याच्या निळ्या वाटीत पपनसाचा एक कण नाही. पाट वेगळा, सुरी वेगळी, वाटी वेगळी.

बरणी मात्र एकच होती.

पहिल्या दिवशी तीसच्या तीस वाट्या रिकाम्या परत आल्या. पाच नंबरच्या आजीने तर वाटी चाटली असं ट्रॉली ढकलणारा सांगत आला. मॅनेजर स्वतः खाली उतरला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "जमलंय हं." त्याच्या तोंडून हे म्हणजे शालजोडीच. जाताजाता मात्र तो भिंतीवरच्या पथ्याच्या कागदाकडे बोट दाखवून गेला. "याच्यावर लक्ष ठेव. मागच्या बाईने साखरवाल्याला खीर दिली. ती बाई कुठे आहे आता?"

"कुठे आहे?"

"तेच. कुणालाच माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी वस्तादाने निरोप पाठवला, रस जरा जास्त घाल. सांडशीला आभाळ ठेंगणं झालं. तिने निळी वाटी काठोकाठ भरली आणि दुपारी हात पुसत वर गेली. वस्ताद खिडकीशी खुर्चीत बसला होता. वाटी तोंडाला लावून त्याने तळाचा रस पिऊन टाकला होता, मिशीला अजून ओल होती.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे." वस्तादाच्या भाषेत ठीक म्हणजे उत्तम. त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चोथा पिळतेस ना अजून?"

"मग काय फेकते?"

तो हसला. काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. ते तिला दिसलं. तिला सगळंच दिसायचं, फक्त कशाचं काय, ते लावायला उशीर व्हायचा.

तिसऱ्या दिवशी तो खुर्चीत नव्हता, पलंगावर होता. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला. सिस्टरने पाय दाबून पाहिले, सूज होती. "थंडी आहे," ती म्हणाली. "या दिवसांत सगळ्यांचंच असं होतं." खरंच होतं ते. चार नंबरचे आजोबा खोकत होते, अकरा नंबरची आजी उठतच नव्हती. म्हाताऱ्यांच्या घरात आजारपण भिंतींच्या रंगासारखं असतं, कुणी मुद्दाम बघत नाही. सिस्टर एकटी आणि म्हातारे तीस.

वस्तादाने जेवणाला हात लावला नव्हता. वाटी तेवढी संपवली होती.

तेव्हा सांडशीने जे केलं ते कुणीही केलं असतं. दुसरं काही जात नाही ना, मग हेच जास्त देऊ. बुधवारी संध्याकाळीही एक वाटी वर गेली. गुरुवारी दोन. गुरुवारी चमचा त्याच्या हातातून निसटला आणि फरशीवर वाजला. त्याने तो कुठे पडला ते वाकून पाहिलंसुद्धा नाही. सांडशीने चमचा उचलला, पदराला पुसला आणि त्याला स्वतःच्या हाताने भरवलं. फोड, मग रस. फोड, मग रस. लहान मुलासारखा तो तोंड उघडत होता, आणि प्रत्येक घासाला तिला वाटत होतं, जातंय बाई पोटात. काहीतरी जातंय.

"तुझे हात गरम आहेत," तो म्हणाला.

"गार पाण्यात गोठलेत माझे हात. तुम्हीच बर्फ झालाय."

शुक्रवारी निळी वाटी अर्धी परत आली.

ट्रॉलीवर ती वाटी बघून सांडशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वस्तादाने अन्न परत पाठवलं? दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर ती समजू शकली असती. पण या माणसाने तिला अन्न परत न पाठवायला शिकवलं होतं. बेचव असेल तर आधी चाखून बघ, मग आचाऱ्याला शिव्या दे, हाच त्याचा नियम. तिने चमचा घेतला आणि त्याच्या वाटीतला रस तोंडात टाकला.

मीठ बरोबर. मध बरोबर. मग गिळल्यावर, अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी ते आलं. कडू. सालीचं कडू पुढे लागतं, बीचं कडू टोचतं. हे तसलं नव्हतं. हे मागून येतं, उशिरा येतं आणि जात नाही. पपनस.

तिने वाटी ताटात उलटी केली. फोडी बोटाने एकेक बाजूला केल्या. संत्रं, संत्रं, मोसंबी, संत्रं. पपनसाची एक फोड नाही.

"मावशी," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की मावशी दचकली. "तू यात काय टाकलंस?"

"मी कशाला टाकू? मी त्या वाटीच्या वाऱ्याला उभी राहत नाही. तूच म्हणालीस ना, हात जागेवर राहणार नाही."

"मग पपनस कुठून आलं?"

मावशीने घासणी खाली ठेवली. ती साधी बाई होती, चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांनी केलेल्या स्वयंपाकाची भांडी घासली होती आणि कोणत्या भांड्यात काय होतं एवढंच तिला नेमकं ठाऊक असायचं. "बरणीतून," ती म्हणाली. "बरणीत सगळ्यांचंच पिळतेस की तू. पपनसाचाच चोथा जास्त असतो, एवढा जाड."

सांडशीने ओट्यावरच्या बरणीकडे पाहिलं. ही बरणी ती रोज चाखत होती. मिठासाठी चाखत होती. जीभ मिठाच्या शोधात असली, की कडू कुठून आलंय ते कोण विचारतं.

सोमवार ते शुक्रवार. एक वाटी, मग रस जास्त, मग दोन दोन वाट्या. आणि शेवटी आपल्याच हाताने, चमच्याने.

ती जिन्याकडे धावली. मधल्या वळणावर मॅनेजर उतरत होता. "काय गं, आग लागली काय?"

"मीठ," ती म्हणाली. "मीठ विचारायचं राहिलं." आणि त्याला जवळजवळ ढकलून पुढे गेली. हे खोटं तोंडातून कसं आलं, तिचं तिलाच कळलं नाही. विचार करायच्या आधीच ते बाहेर पडलं होतं.

वस्ताद उशीला टेकून होता. खिडकीतून दुपारचं पांढरं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं आणि त्याचं तोंड त्याहून पांढरं होतं. ओठांच्या कडा मात्र जांभळ्या.

"वस्ताद," ती पलंगाशी बसली, "बरणीत पपनस होतं. मी सगळ्याचा चोथा एकत्र पिळला. तुमच्या वाटीत रोज तेच जात होतं."

"ठाऊक आहे."

तिला वाटलं, चुकीचं ऐकलं आपण.

"पहिल्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. शब्द सावकाश येत होते, मधे मधे थांबून. "पन्नास वर्षं चूल फुंकलीय. पपनस कळणार नाही होय मला?"

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर त्या मॅनेजरने तुला त्या खीरवाल्या बाईमागे धाडलं असतं." त्याने दम घेतला. "आणि मला काही हे पटलं नाही. फळाने कुणी मरतं का? डॉक्टर लोकांना काही ना काही मनाई करायचीच असते. आणि लागत होतं छान. खरं सांगतो, लागत होतं छान."

सांडशीला त्याच्या कानशिलात वाजवावीशी वाटली. आजवर कुणावर आला नव्हता इतका राग तिला आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. "म्हातारचळ लागलाय तुम्हाला. मला एका शब्दाने सांगायचं. एका शब्दाने. मी दुसरी बरणी घेतली असती, कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"हेच की. तेच कर आता." त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. ओल्या फडक्यासारखा गार हात. "उद्यापासून माझी वाटी नुसती दे. रस नको. दोन दिवसांत उतरेल हे. कुणाला काही बोलू नकोस. ऐकतेस ना? मी सांगतोय."

बारा वर्षं तो सांगेल ते तिने ऐकलं होतं. भांडत, आदळआपट करत, पण ऐकलं होतं. ती गप्प बसली. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. खाली ट्रॉलीची चाकं फरशीच्या सांध्यांवरून खडखडत गेली. दोन दिवसांत उतरेल. बरणी धुऊन टाकायची. मावशीला चार शिव्या घालून गप्प करायचं. मावशी बोलणारी नव्हतीच. सगळं जमण्यासारखं होतं. त्याचा हात तिच्या मनगटावर होता आणि तो जड होत चालला होता, झोपलेल्या मुलाचा होतो तसा.

ती अशी किती वेळ बसली, ते पुढे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. पाच मिनिटं असतील. दहाही असतील.

मग दार ढकलून सिस्टर आत आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात औषधाची छोटी वाटी. वाटीत एक पिवळी गोळी.

"चला आजोबा, दुपारची गोळी." तिने सांडशीकडे पाहून मान हलवली. "बरं झालं, ताई, तुम्ही आहात. तुमच्या हातून घेतात तरी."

आणि तिने ती वाटी सांडशीच्या हातात दिली.

वस्तादाने डोळे उघडले. आधी गोळीकडे पाहिलं, मग सांडशीकडे. त्याने मान किंचित हलवली. नको, बोलू नको. आणि तोंड उघडलं. काल फोडीसाठी उघडलं होतं तसंच.

गोळी अगदी हलकी होती. तळहातावर काही ठेवलंय असं वाटतसुद्धा नव्हतं.

"ही द्यायची नाही," सांडशी म्हणाली.

"काय?"

"यांनी पपनस खाल्लंय. पाच दिवस. फोडी नाही, रस. मी बरणीत पिळत होते, ती बरणी सगळ्यांना एकच होती. सोमवारी आणि मंगळवारी एक एक वाटी, मंगळवारची काठोकाठ. बुधवारी दोन, गुरुवारी दोन, आज अर्धी. कालची दुपारची मी भरवली." तिचा आवाज कुठेही अडला नाही. मालाची यादी वाचावी तशी ती बोलत होती. "आणि मला हे कळून बराच वेळ झाला. मी इथे बसून होते."

सिस्टरचं तोंड एकदम कोरं झालं. तिने पेला खाली ठेवला आणि वस्तादाचं मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिली. बघताना तिचे ओठ हलत होते. मग ते हलायचे थांबले आणि तिने मनगट पुन्हा धरलं, जरा वेगळ्या जागी, जणू आधीच्या जागेवर तिचा विश्वास नव्हता.

"इकडे या," ती म्हणाली. तिने सांडशीची दोन बोटं धरून त्याच्या मनगटावर आतल्या बाजूला दाबली. "लागतंय?"

"हो."

"मोठ्याने मोजत राहा. काहीही झालं तरी बोटं काढू नका. मोठ्या दवाखान्यात याच्यावर इलाज आहे, तिथवर पोचायला हवं. मी गाडी बोलावते. थांबलं तर हाक मारा."

"माझं मोजणं?"

सिस्टर दारातून मागे वळली. "त्यांचं काळीज," ती म्हणाली आणि पळाली.

सांडशी मोजू लागली. "एक." मग मध्ये इतकी जागा होती की तिथे सगळं स्वयंपाकघर मावलं असतं. "दोन." खालून मॅनेजरचा आवाज आला, कोण म्हणालं, कुणी दिलं, कुठे आहे ती. "तीन."

"मूर्ख आहेस," वस्ताद म्हणाला.

"चार. तुमच्याच हाताखाली शिकले."

"आता तुला काढतील."

"काढू देत. पाच. बोलू नका तुम्ही."

"झाऱ्याने मारलंस ना त्याला," तो म्हणाला, हसल्यासारखं करत. "काय नाव त्याचं. तो वाढपी."

"सात. नाही, सहा. वस्ताद, बोलू नका, चुकतंय माझं."

तो गप्प झाला.

तिने पुन्हा एकपासून धरलं. जिन्यावर मॅनेजरची पावलं चढत होती, त्याने दार उघडलं, काही म्हणालाही, आणि तिच्या बोटांकडे बघून तिथेच उभा राहिला. बारा. तेरा. खोलीत तिच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. चौदा. त्या दोन आकड्यांच्या मधली जागा वाढत चालली होती, आणि तिला वाटलं, बोलू द्यायला हवं होतं यांना. चुकलं असतं तर चुकलं असतं.

"त्याला नाव नव्हतंच, वस्ताद," ती म्हणाली. "तुम्ही त्याला ठोंब्या म्हणायचात. पंधरा. ऐकताय ना? ठोंब्या. तुम्हीच ठेवलं होतं. सगळ्यांना तुम्हीच ठेवायचात नावं."

तिची बोटं त्या गार कातड्यावर घट्ट रुतली होती, आणि ती सोळाव्याची वाट बघत होती.